वाकनीस म्हणजे कोण?

पहिल्या वर्षी हॉस्टेलवर आलो त्याच रात्री साडेदहाच्या सुमारास आम्हा नव्या पोरांना टीव्ही रूममध्ये बोलावणं आलं. इंट्रो. सगळ्यांनी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, शर्टाचं वरचं बटण लावायचं आणि नजर स्वतःच्या चपलांवर ठेवायची. माझा नंबर आला. मी नाव सांगितलं.

"आडनाव आधी सांगायचं असतं."

"वाकनीस."

क्षणभर शांतता. मग मागच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं, "वाकनीस ना? मग वाक की!"

हशा झाला आणि मी वाकलो. खोटं कशाला सांगू, चांगला कमरेत वाकलो. त्या रात्रीपासून माझं नाव 'वाक्या' पडलं ते आज तिसऱ्या वर्षापर्यंत टिकून आहे. सबमिशनच्या रांगेतसुद्धा लॅब असिस्टंट काका "वाक्या, जर्नल आण" असंच म्हणतात.

त्या वाकण्याचं मला फारसं काही वाटलं नाही. हे आडनाव घेऊन पहिलीपासून शाळेत गेलेल्या पोराची कातडी जरा जाड झालेली असते. वाकडे, वाकळ, वाकडतोंड्या, सगळं ऐकून झालेलं. लक्षात राहिलं ते दुसरंच. इंट्रो संपल्यावर एक सीनियर जवळ आला. चेष्टेत तो अजिबात नव्हता. उलट पाठीवर हात ठेवून, अगदी गोड आवाजात त्याने विचारलं, "वाकनीस म्हणजे नक्की कोण रे तुम्ही?"

मी भाबडेपणाने त्याला आडनावाचा अर्थ सांगायला लागलो. तो दोन मिनिटं ऐकत राहिला आणि म्हणाला, "ते ठीक आहे रे. पण म्हणजे कोण?"

मित्रहो, हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. त्याच्या मनातलं उत्तर मी तेव्हा दिलं नाही आणि या लेखातही देणार नाही. ते शोधण्यासाठी जे शेवटपर्यंत वाचणार असतील त्यांनी आत्ताच पान उलटावं, पुढच्या पानावर बहुतेक कविता असेल.

तर आधी त्याला पूर्ण न सांगता आलेला अर्थ. 'वाकया' हा मूळ अरबी शब्द, म्हणजे घडलेली गोष्ट, घटना. हिंदी सिनेमात "एक वाक़या सुनाता हूँ" म्हणतात तोच. 'नवीस' हा फारसी, म्हणजे लिहिणारा. दोन्ही मिळून वाकेनवीस, म्हणजे घडलेलं लिहून ठेवणारा. मराठी जिभेने त्यातला 'व' गिळला आणि वाकनीस केला. हीच कथा सगळ्या 'नीस' मंडळींची. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फारसी लिहिणारा पारसनीस, खजिन्याचं लिहिणारा पोतनीस, हिशेबाची फर्द लिहिणारा फडणीस. नागपूरकडे तो 'व' शिल्लक राहिला म्हणून तिकडे फडणवीस. २०१४ साली त्या आडनावाचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा आमच्या घरी राजकारणावर चर्चा झालीच नाही. आजोबांनी पूर्ण संध्याकाळ 'नवीस' या शब्दावर घेतली.

मुघलांच्या राज्यात सुभ्यासुभ्याला वाकेनवीस नेमलेला असे. सुभेदार काय करतो, कुठे दंगा झाला, बाजारात काय चाललंय, हे सगळं लिहून दरबाराला कळवायचं. आणि तो खरं लिहितो की सुभेदाराशी संगनमत करतो, हे पाहायला गुपचूप बातम्या लिहिणारे खुफियानवीस वेगळे. आपल्या हॉस्टेलात रेक्टरसाहेबांना कुठल्या खोलीत हीटर आहे ते कसं कळतं, याचा विचार केला की ही पद्धत अजून चालू आहे असं वाटतं. (मी तो नव्हे. आडनावावरून संशय घेऊ नये.)

शिवाजी महाराजांच्या दरबारीही वाकनीस होता. महाराजांची दिनचर्या, भेटीगाठी, आमंत्रणं, आतल्या बातम्या यांची नोंद ठेवायचं ते काम. एकेकाळी गंगाजी मंगाजी यांच्याकडे ते होतं, पुढे दत्ताजी त्रिंबक यांच्याकडे आलं. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि अष्टप्रधानांच्या पदांना संस्कृत नावं मिळाली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. आणि वाकनीस झाला मंत्री! हे कळलं त्या दिवशी मी रूमवर जाहीर केलं की यापुढे मला मंत्रीमहोदय म्हणायचं. दोन दिवस म्हणाले. तिसऱ्या दिवशी मेसचं बिल थकलं म्हणून मेसवाल्या मावशींनी "मंत्रीसाहेब, पैशे?" असं सगळ्यांसमोर विचारलं आणि ते खातं माझ्याकडून गेलं.

महाराजांनी नुसती पदांची नावं बदलली नाहीत. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. कारभारातल्या सुमारे १,४०० फारसी-दखनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. आज आपण ज्याला टेक्निकल टर्मिनॉलॉजी म्हणतो तेच काम, साडेतीनशे वर्षांपूर्वी. मला या प्रकरणातली गंमत अशी वाटते की एवढं होऊनसुद्धा लोकांनी आपल्या तोंडातले शब्द सोडले नाहीत. मुख्य प्रधानाला लोक पेशवाच म्हणत राहिले. पुढे शंभरेक वर्षांचा इतिहास त्याच फारसी शब्दाने ओळखला गेला. आणि जी पदं दरबारातून गेली ती आडनावं होऊन घराघरात बसली. मुजुमदार आहेत, डबीर आहेत, सरनोबत आहेत. ही सगळी फारसी पदं आज आपण 'अस्सल मराठी आडनाव' म्हणून मिरवतो. आमच्या वर्गात एक जण आहे, भाषाशुद्धीचा कट्टर. 'पेन' म्हटलं तरी त्याला त्रास होतो. त्याचं आडनाव पारसनीस. मी त्याला अजून हा अर्थ सांगितलेला नाही. हा अंक छापून आला की कळेल.

आता मुख्य गोष्ट. हे पद होतं, कुळ नव्हे. नाना फडणीस यांचं घराणं भानू, फडणीस हे काम. पेशवे मूळचे भट. त्या काळी कागदावर माणूस दिसतो तो स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि हुद्दा असा. दत्ताजी त्रिंबक वाकनीस यातला 'वाकनीस' म्हणजे आपल्या 'प्राध्यापक' किंवा 'रेक्टर'सारखा. प्रत्येकाने एक कायमचं आडनाव लावलंच पाहिजे हा आग्रह शाळांचे दाखले, सरकारी नोंदी आणि नोकऱ्या यांच्याबरोबर इंग्रजी अमलात पक्का झाला. त्या वेळी ज्याच्या घराला लोक जे म्हणत होते ते कागदावर चढलं. कुणाचं गाव, कुणाचं काम, कुणाच्या पणजोबाची खोड. विदर्भात तर अशी आडनावं आहेत की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोकल्याचं निमित्त काढून बाहेर जावं लागतं. पण चंद्रपूरकरांनी शांताराम पोटदुखे यांना १९८० पासून लागोपाठ चार वेळा लोकसभेवर पाठवलं, त्यात आडनाव कुठे आडवं आलं नाही.

आमच्या आजोबांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते आम्ही थेट दत्ताजीपंतांच्या रक्ताचे. पुरावा काय, तर आडनाव. वाड्याचं म्हणाल तर आमच्याकडे दोन खोल्या आणि एक पडवी होती. मी बारावीच्या सुट्टीत त्यांना विचारलं होतं, "आजोबा, गंगाजी मंगाजी पण वाकनीसच होते. मग आपण त्यांचे का नाही? आणि आपला पूर्वज यांच्यातल्या कुणाचाच कुणी नसेल, कुठल्या तरी लहानशा सरदाराकडे वह्या लिहीत असेल, तर?" आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वह्या लिहीत होता ना? मग झालं तर." ते गेले त्याला आता दोन वर्षं झाली. त्या उत्तरात त्यांनी हार मानली होती की मला गप्प केलं होतं हे मला अजून कळलेलं नाही.

हे आडनाव इतकं कमी का, याचा मी एक हिशेब मांडला आहे. तो कुणा इतिहासकाराचा नाही, माझाच आहे, तेव्हा चूक असेल तर इतिहासकारांना दोष देऊ नये. गावोगाव एक पाटील आणि एक कुलकर्णी. परगण्याला एक देशमुख, एक देशपांडे. किल्ल्यावर एक सबनीस आणि एक कारखानीस. गावं हजारोंनी, परगणे शेकड्यांनी, किल्लेही शेकड्यांनी. आणि वाकनीस लागायचा तो जिथे दरबार आहे तिथे. दरबार किती? म्हणजे जागाच मुळात मोजक्या. पाटलांची शाखा म्हणजे आपलं मेकॅनिकल, इनटेक भरपूर. वाकनिसांची म्हणजे ती एक ब्रँच, जिच्यात किती पोरं आहेत ते एचओडींनाही यादी पाहूनच सांगावं लागतं.

बरं, जागा मोजक्या म्हणून सुरुवातीला कमी, आणि कमी असलेलं आडनाव आणखी कमी होत जातं. हे मात्र माझं नाही. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज गृहस्थाला १८७३ साली प्रश्न पडला की मोठमोठ्या घराण्यांची नावं नाहीशी का होतात? त्याने तो गणित म्हणून छापला आणि हेन्री वॉटसन नावाच्या धर्मगुरूने सोडवला. दर पुरुषामागे नाव पुढे चालवणारे मुलगे सरासरी एक किंवा त्याहून कमी असतील तर ते आडनाव कधी ना कधी संपणार, हे नक्की. सरासरी एकाच्या वर असेल तर जगण्याची शक्यता आहे, पण सुरुवातीचं माणूसबळ कमी असेल तर तरीही बुडण्याचा धोका मोठा. (वॉटसनने सगळीच आडनावं संपणार असं उत्तर काढलं होतं, ती चूक पुढे दुरुस्त झाली. आपल्या एम-थ्रीच्या पेपरात त्याला स्टेपचे मार्क मिळाले असते.) न्यूक्लिअर रिअॅक्टरमधल्या साखळी प्रक्रियेलाही हेच गणित लागतं. एका न्यूट्रॉनमागे किती न्यूट्रॉन पुढची भेग घडवतात, त्यावर साखळी चालू राहणार की विझणार ते ठरतं.

आमच्या घरात आजोबांना एक मुलगा, त्या मुलाला एक मुलगा. सरासरी बरोबर एक. म्हणजे गाल्टनसाहेबांच्या हिशेबाने आमची भट्टी विझणार. हे मी मोठ्या उत्साहाने घरी सांगितलं, तर ताई म्हणाली, "आणि मी कुठे गेले?" तिचं मागच्या वर्षी लग्न झालं आणि तिने आडनाव बदललं नाही. बँकेत, आधारवर, दारावर, सगळीकडे वाकनीसच. गाल्टनने फक्त मुलगे मोजले होते. शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आधी, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम लावला आहे. ताईच्या घरी पाळणा हलला की त्या शेवटच्या जागी काय लिहायचं, यावर आत्तापासून दोन्ही घरांत गार युद्ध चालू आहे. मी यात पडत नाही.

दुर्मीळ आडनावाचे काही तोटे सगळ्यांना माहीत असतात. दहावीच्या सर्टिफिकेटवर डब्ल्यू, आधारवर व्ही, आणि बारावीच्या हॉल तिकिटावर कुठूनसा एक जास्तीचा ए. अॅडमिशनच्या वेळी कागदपत्रं तपासणाऱ्या खिडकीवर "हे तिन्ही तुम्हीच कशावरून?" असं विचारलं गेलं आणि प्रतिज्ञापत्रासाठी बाबांची एक पूर्ण दुपार गेली. पण एक सुखही आहे. पूर्वी रेल्वेच्या डब्यांवर नावांचे चार्ट चिकटवत तेव्हा बाबा गाडी सुटेपर्यंत चार्ट वाचत फिरायचे. एकदा त्यांना पुढच्या डब्यात एक वाकनीस सापडले. नातं काही निघालं नाही, ओळख नाही, पण मनमाडपर्यंत दोघे दारात उभं राहून बोलत होते. पाटलांना हे सुख नाही.

आता त्या सीनियरच्या प्रश्नाकडे. आपल्याकडे आडनाव विचारतात ते हाक मारायला नाही. हाक मारायला 'ए वाक्या' पुरतं. आडनाव विचारतात ते खण शोधायला. समोरच्याच्या डोक्यात एक कपाट असतं, त्यात आडनावाप्रमाणे खण केलेले असतात. देशपांडे म्हटलं की एक खण उघडतो, कांबळे म्हटलं की दुसरा. माणूस त्यात ठेवला की कपाट बंद, मग कसं बोलायचं, किती जवळ करायचं, ताटात काय वाढायचं, सगळं ठरलेलं. यात एक अक्षर बोलावं लागत नाही, म्हणून विचारणाऱ्यालाही कधी वाटत नाही की आपण काही गैर विचारलं. वाकनीस म्हटलं की मात्र खण सापडत नाही. मग तो प्रश्न आपली साळसूद वस्त्रं काढून बाहेर येतो. गाव कुठलं? कुलदैवत? घरी मच्छी चालते का? वडिलांच्या मामांचं आडनाव? मेसच्या टेबलावर एकाने तर मला सरळ विचारलं, "तुमच्यात लग्नात काय काय असतं?" मी म्हटलं, "नवरा आणि नवरी."

त्यातही हे कपाट किती फसवं आहे बघा. कुलकर्णी ब्राह्मणांत आहेत तसे लिंगायतांत आहेत. देशपांडे कायस्थ प्रभूंतही आहेत. पाटील तर मराठा, माळी, लेवा, आगरी, कोळी, जैन, मुसलमान, कुठे नाहीत? कारण कामं होती ती. ज्याने केलं त्याचं नाव पडलं. पण आपण हुद्द्याच्या पाटीवरून रक्त तपासायला बसतो.

एवढं सगळं मला कळत होतं. कळत असताना मी काय केलं ते सांगतो, कारण ते न सांगता हा लेख लिहिणं म्हणजे वाकेनविसाने स्वतःपुरतं पान कोरं ठेवण्यासारखं होईल.

दुसऱ्या वर्षी रूम बदलली. नवा रूममेट जाधव, नांदेडकडचा, सिव्हिलचा. गादी टाकतोय, बादली ठेवतोय, आईने दिलेला लाडवांचा डबा माझ्यापुढे करतोय. मी लाडू घेतला, अर्धा खाल्ला आणि विचारलं, "जाधव म्हणजे कुठले जाधव?"

"नांदेडचे."

"ते कळलं रे, पण म्हणजे कोणते?"

जाधव आडनाव मराठ्यांत आहे, बौद्धांत आहे, बंजाऱ्यांत आहे, आणखीही कुठे असेल. मला खण सापडत नव्हता. त्या क्षणी मला आपण काय करतोय याचा पत्ताही नव्हता, शपथेवर सांगतो. जाधवने डब्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाला, "तुला वाकनीस म्हंजे कोण म्हणून विचारतेत, तवा तुला कसं वाटतंय?"

माझ्या तोंडात लाडू होता. गिळता येईना.

फरकही तिथेच कळला. मला लोक विचारतात आणि मी चिडतो, पण माझ्या चिडण्यात थोडी ऐट असते. अर्थ सांगायचा, रायगड सांगायचा, मंत्री सांगायचं. उत्तर न देणं ही माझी चैन आहे. जाधव दहावीपर्यंत ज्या शाळेत होता तिथे या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर त्याच्या शेजारच्या मुलाची जागा बदलली होती. ते त्याने मला त्या दिवशी सांगितलं नाही, सहा महिन्यांनी, लोड शेडिंगच्या अंधारात सांगितलं. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं?

त्यानंतर मी एक योजना काढली. हॉस्टेलच्या खोल्यांच्या दारांवर आडनावं नकोत, फक्त नाव आणि ब्रँच लिहायची. अर्ज लिहिला, सह्या गोळा करायला निघालो. पहिली सही जाधवची घ्यायला गेलो तर तो म्हणाला, "मी नाही करणार." मी चाटच पडलो. तो म्हणाला, "माझं आडनाव मी कशापाय लपवू? मी काय चोरी केली का? ज्यानं विचारलं त्याला लाज वाटू दे की." त्याचा बाप गावातल्या त्या घरातला पहिला मॅट्रिक. दारावर ऑइलपेंटने 'जाधव' लिहिलंय ते त्याने स्वतः लिहिलंय. ते मी पुसायला निघालो होतो.

अर्ज मी फाडला. सगळ्या थोर सुधारणा ज्यांच्यासाठी असतात त्यांना न विचारता केल्या जातात, त्यातलीच माझी एक.

तेव्हा माझं म्हणणं आता एवढंच उरलं आहे. आडनाव असू दे दारावर, जर्नलवर, हजेरीत. पहिला प्रश्न जरूर विचारा. दुसरा विचारू नका. "म्हणजे कोण", "म्हणजे कुठले", "तसं नाही, पण म्हणजे", या सगळ्या दुसऱ्या प्रश्नांच्या जाती आहेत. आणि हे मी फक्त पोरांना म्हणत नाही. व्हायवाला बसल्यावर सरांनी फाइल उघडून आडनाव वाचावं आणि कॅपॅसिटरबद्दल विचारायच्या आधी "मूळचे कुठले?" म्हणून विचारावं, तेव्हा समोरच्याच्या पोटात काय होतं हे सरांना बहुधा ठाऊक नसतं. सर सहज विचारतात. मीही सहजच विचारलं होतं.

माझा एक मित्र यावर म्हणतो, "न विचारल्याने जात जाते का? उलट सवलतीसाठी कार्यालयात द्यावीच लागते." द्यावीच लागते, आणि ती दिलीच पाहिजे. फी सवलत, शिष्यवृत्ती, पडताळणी, यासाठी तो रकाना आहे आणि तो हक्काचा आहे. पण तो रकाना कार्यालयाच्या फायलीत असतो. मेसच्या टेबलावर तो उघडायचा परवाना कुणी दिला? आणि कधीतरी शिष्यवृत्तीची यादी त्या रकान्यासकट नोटीस बोर्डावर लागते, तिथे निदान ती पट्टी कापून लावायला काय हरकत आहे? कात्री ऑफिसात आहे, मी पाहिली आहे.

आणि नियमच हवा असेल तर तोही आहे. रॅगिंगविरोधी यूजीसीचे नियम २००९ चे. २०१६ च्या दुरुस्तीने त्यात जात, धर्म, भाषा, प्रदेश यांवरून दुसऱ्या विद्यार्थ्याला छळणं, वगळणं हेही रॅगिंगच धरलं गेलं. पण लाडवाचा डबा पुढे करणाऱ्याला विचारलेला गोड प्रश्न कुठल्या कलमात बसवणार? मी स्वतःवर कुठलं कलम लावू?

त्या रात्री मला वाकायला लावणारे सीनियर केव्हाच पास आउट झाले. त्यातला एक अजून फोन करतो, नोकरीचं बघतो म्हणतो, चांगला माणूस आहे. गोड आवाजात विचारणाराही वाईट नव्हता. मला नोट्स त्यानेच दिल्या. फक्त खण न सापडल्याने त्याने मला कधी रूमवर चहाला बोलावलं नाही.

यंदाची नवी बॅच आली. परवा रात्री एक पोरगा दारात उभा राहिला, वरचं बटण लावलेलं. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की फिजिक्सचं जुनं जर्नल वाक्या सरांकडे मिळेल. मी नाव विचारलं. त्याने नाव सांगितलं, थोडं थांबून आडनाव सांगितलं, आणि मग चपलांकडे बघत पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभा राहिला. ते थांबणं मला पक्कं ओळखीचं होतं. आडनावही असं होतं की मी पूर्वी कधी ऐकलेलं नाही, आणि जीभ अगदी दातांपर्यंत आली होती. जाधव पलंगावर पडल्या पडल्या पुस्तकाआडून माझ्याकडे बघत होता.

मी विचारलं, "मेस लावलीस का?"

"नाही सर."

"मग आमच्याबरोबर चल उद्या. आणि सर म्हणू नको."

जर्नल घेऊन गेला. आज आठवा दिवस आहे, अजून परत आणून दिलेलं नाही.

— वाकनीस
तृतीय वर्ष, ई अँड टीसी